खाऱ्या पाण्याची टाकी: मासे नंतर, गाळणी आधी

"गोव्यात राहून समुद्राचं पाणी विकत का घ्यायचं?" खाऱ्या पाण्याच्या मत्स्यटाकीचा विषय निघाला की पहिला प्रश्न हाच येतो. मिरामारला जावं, चार कॅन भरावेत, आणून टाकीत ओतावेत, संपलं!

प्रश्न रास्त आहे, पण मिरामार मांडवीच्या मुखाशी आहे. जूनपासून नदी गढूळ गोडं पाणी घेऊन खाली येते आणि किनाऱ्याजवळच्या पाण्याचा खारेपणा घसरतो. कोळंबीला आणि खेकड्याला हा चढउतार चालतो, कारण त्यांचं आयुष्यच खाडीच्या तोंडाशी जातं. प्रवाळाला तो चालत नाही. शिवाय किनाऱ्याच्या पाण्यात बार्जचं तेल असतं, सांडपाणी असतं. समजा, खोल समुद्रातून अगदी निर्मळ पाणी आणलं, तरी काचेच्या पेटीत ते फार दिवस समुद्राचं राहत नाही. समुद्रात माशाने टाकलेली घाण अफाट पाण्यात विरून जाते. पेटीत ती तिथेच राहते. म्हणून टाकीला गाळणी लागते, आणि ती नुसता कचरा अडवणारी असून भागत नाही. समुद्र जे काम न बोलावता करतो, ते तिला करावं लागतं.

हा लेख लिहायला निमित्त झालं मडगावच्या माझ्या मामाचं. त्याला हॉलमध्ये ३ फुटी खारी टाकी ठेवायची आहे. दुकानदाराने सामानाची चिठ्ठी दिली. "बघ गो, तू प्राणिशास्त्रवाली. यातलं काय लागतं आणि काय उगाच आहे, ते सांग," म्हणून त्याने ती मला पाठवली. आमच्या विभागातली छोटी खारी टाकी दोन वर्षं मी सांभाळते, म्हणून हा मान! चिठ्ठीत होतं: बाहेरचा कॅनिस्टर फिल्टर, बायोबॉल, यूव्ही दिवा, ३०० लिटरपर्यंतचा प्रोटीन स्किमर, "लाइव्ह रॉक २० किलो" आणि शेवटी "कोरल, ४ नग". मामाला जे तोंडी सांगितलं तेच इथे जरा नीट मांडते. तुमच्यापैकी कुणाला टाकी ठेवायची नसली, तरी एका बंद पेटीत समुद्र कसा चालतो हे कळायला मजा येते.

टाकीत घडतं काय

मासा खातो आणि कल्ल्यांवाटे अमोनिया सोडतो. न खाल्लेलं अन्न कुजतं, त्यातूनही अमोनिया होतो. अमोनिया विषारी आहे. त्याचं पाण्यात एक सौम्य रूप असतं आणि एक जहाल रूप. पाणी जितकं अल्कधर्मी, तितका जहाल रूपाचा वाटा मोठा. गोड्या पाण्याच्या टाकीचा पीएच ७ च्या आसपास असतो, खाऱ्या टाकीचा ८.१ ते ८.४. त्यामुळे तेवढाच अमोनिया खाऱ्या टाकीत दहापटीहून जास्त घातक ठरतो. त्यात उबदार खाऱ्या पाण्यात प्राणवायू गोड्या पाण्यापेक्षा साधारण पाचव्या हिश्श्याने कमी मावतो. म्हणजे चूक झाली तर सावरायला वेळ कमी मिळतो. गोल्डफिश पाळून झालेले पुष्कळ जण इथेच फसतात.

अमोनियाचा बंदोबस्त जिवाणू करतात. एक गट त्याचं नायट्राइट करतो, दुसरा गट नायट्राइटचं नायट्रेट. हे दोन्ही गट प्राणवायूवर जगतात आणि मिळेल त्या पृष्ठभागाला चिकटून वाढतात. नायट्रेट मानाने निरुपद्रवी. मासे ते बरंच सोसतात, प्रवाळ मात्र सोसत नाही आणि शेवाळाला ते खतासारखं लागतं. नायट्रेटचा शेवट करणारा तिसरा गट जिथे प्राणवायू जवळजवळ नाही अशा जागी काम करतो, म्हणजे सच्छिद्र दगडाच्या पोटात किंवा वाळूच्या खालच्या थरात. तो नायट्रेटमधला ऑक्सिजन वापरतो आणि उरलेला नायट्रोजन वायू होऊन हवेत जातो. चक्र पुरं होतं.

फिल्टर निवडायची सगळी गोम इथे आहे. कुठलंही उपकरण समोर आलं की मी तीनच प्रश्न विचारते. हे घाण कुजायच्या आधी बाहेर काढतं का? कुजलेल्या घाणीला शेवटपर्यंत नेतं का? की मधेच, नायट्रेटपाशी, सोडून देतं?

आधी हिशेब

उपकरणाच्या खोक्यावर "इतक्या लिटरसाठी" असं लिहिलेलं असतं, म्हणून आधी आपले लिटर माहीत हवेत. मामाची टाकी ९० सें.मी. लांब, ४५ रुंद, ४५ उंच. गुणाकार १८२ लिटर येतो. पण पाणी काठोकाठ भरत नाहीत, आणि दगड-वाळू जागा खातात. खरं पाणी १५० लिटर.

खालच्या कपाटात दुसरी टाकी लागेल, तिला संप म्हणतात. (हरताळ नव्हे! बेळगाव-हैदराबादकडे घराखालच्या पाण्याच्या टाकीला संप म्हणतात, तोच हा शब्द.) वरच्या टाकीचं पाणी काठावरून वाहत संपात उतरतं, तिथे सगळी गाळणी असते, आणि पंप ते परत वर चढवतो. संपाचे तीन फायदे आहेत. उपकरणं नजरेआड राहतात, एकूण पाणी वाढतं, आणि वाहत पडणारं पाणी वाटेत हवा घेतं. मामाच्या कपाटात ६०×३५×३५ सें.मी. चा संप बसतो. त्यात २० सें.मी. पाणी ठेवलं तर ४० लिटरच्या वर होतं. सगळं मिळून १९० लिटर धरू.

संप अर्ध्याहून थोडाच जास्त का भरायचा? वीज गेली की पंप थांबतो, पण वरचं पाणी काठाच्या पातळीपर्यंत खाली उतरतच राहतं. पातळी ३ सें.मी. उतरली तर ९०×४५×३ म्हणजे १२ लिटर, शिवाय नळीतलं लिटर-दोन लिटर. एवढी जागा संपात रिकामी नसेल तर हॉलच्या फरशीवर समुद्र येईल. आपल्याकडे पावसाळ्यात वीज किती वेळा जाते, ते सांगायला नको. आणखी एक आकडा लक्षात ठेवायचा: टाकी, पाणी, दगड, वाळू मिळून वजन सव्वादोनशे ते अडीचशे किलो. टीव्हीच्या टेबलावर हे ठेवू नये.

पहिली गाळणी: पाणी बनवण्याआधीची

चिठ्ठीत नसलेली वस्तू सगळ्यात आधी घ्यायला हवी, ती म्हणजे आरओ-डीआय. टाकीसाठी समुद्राचं पाणी आपण घरी बनवतो. शुद्ध पाण्यात खास मिसळलेलं मीठ घालायचं, लिटरला साधारण ३७ ग्रॅम. खारेपणा दर हजारी ३५ भाग, म्हणजे विशिष्ट गुरुत्व १.०२६ च्या जवळ. १९० लिटरला ७ किलो मीठ लागतं. जेवणातलं मीठ इथे चालत नाही. ते जवळजवळ नुसतं सोडियम क्लोराइड असतं, आणि प्रवाळाला कॅल्शियम, मॅग्नेशियम, बायकार्बोनेट सगळंच हवं असतं.

हे मीठ साळावलीच्या नळाच्या पाण्यात का घालायचं नाही? नळाच्या पाण्यात क्लोरीन असतो, फॉस्फेट, सिलिकेट, जुन्या फिटिंगमधून येणारं तांबं असू शकतं. आपण पितो म्हणून ते प्रवाळाला चालेल असं नाही. तांबं तर प्रवाळ, कोळंबी, गोगलगाय यांना अगदी थोडं असलं तरी मारक ठरतं.

"मग स्वयंपाकघरातला आरओ आहे की!" मामा म्हणाला. त्याचा पडदा चांगलाच असतो, पण पिण्याच्या पाण्याला चव यावी म्हणून बऱ्याच यंत्रांत थोडं मूळ पाणी परत मिसळतात किंवा खनिजांची कांडी लावतात. त्यामुळे टीडीएस ५०-६० निघतो. टाकीसाठी तो शून्य हवा. म्हणून पडद्यानंतर डीआय राळेची नळी लागते, ती उरलेले क्षार धरून ठेवते. स्वयंपाकघरातल्या यंत्राला मिसळण्याच्या जागेआधी फाटा काढून त्यावर डीआय नळी लावता येते, आणि खर्च बराच वाचतो. टीडीएस मीटर मात्र घ्यायचा.

एवढा काटेकोरपणा का? आपल्याकडे मिठागरं पाहिली असतील, रायबंदरच्या बाजूची. पाणी उडतं, मीठ मागे राहतं. तुमची टाकीही एक संथ मिठागरच आहे. पंखा चालू असेल तर रोज २ लिटर पाणी सहज उडतं. ते भरून काढायचं गोड्या शुद्ध पाण्याने, खाऱ्या नव्हे, कारण मीठ तर टाकीतच आहे. हे भरीचं पाणी ६० टीडीएसचं असेल तर वर्षाच्या ७३० लिटरबरोबर जवळजवळ ४४ ग्रॅम नको असलेले क्षार टाकीत जमतात आणि उडून जात नाहीत. पहिले सहा महिने सगळं छान, मग अचानक काचेवर तपकिरी-हिरवा थर. बऱ्याचदा दोष भरीच्या पाण्याचा असतो आणि बोल लागतो फिल्टरला.

खरा फिल्टर: दगड

आता गंमत बघा. प्रवाळटाकीतला सगळ्यात मोठा फिल्टर दुकानात फिल्टर म्हणून विकतच नाहीत. जकार्ताचे ली चिन एंग यांनी १९६१ साली एका अमेरिकी मासिकात आपली पद्धत मांडली. समुद्रातले जिवंत दगड, थोडी हवा, भरपूर उजेड आणि यंत्र जवळजवळ नाहीच! पुढे जर्मनीतल्या हौशी लोकांनी त्याच विचाराला जोरदार स्किमर आणि प्रवाह जोडला. ती बर्लिन पद्धत म्हणून ओळखली जाते, आणि आजच्या बहुतेक प्रवाळटाक्या तिच्याच वंशातल्या आहेत.

दगड का चालतो? त्याच्या बाहेरच्या पृष्ठभागावर प्राणवायूवाले जिवाणू राहतात, पोटातल्या बारीक छिद्रांत प्राणवायू संपतो आणि तिथे नायट्रेट संपवणारे राहतात. एकाच वस्तूत सगळं चक्र! बायोबॉलशी तुलना केली की फरक कळतो. प्लॅस्टिकच्या त्या खोबणीदार गोळ्यांवरून पाणी ठिबकत सोडलं की त्यांना हवा भरपूर मिळते आणि अमोनिया झटक्यात नायट्रेट होतो. १९८० च्या दशकात अमेरिकेत ही पद्धत जोरात होती. पण हवा सगळीकडे पोचते म्हणून तिसऱ्या गटाला जागाच उरत नाही आणि नायट्रेट साठत जातं. नुसते मासे ठेवायचे असतील तर बायोबॉल वाईट नाहीत, प्रवाळासाठी मात्र ते काम अर्ध्यावर सोडतात. चिठ्ठीतले बायोबॉल मी खोडले.

"लाइव्ह रॉक २० किलो" हेही खोडलं, पण कारण वेगळं. समुद्रातून फोडून आणलेला जिवंत दगड म्हणजे प्रवाळभित्तीचाच तुकडा. त्याच्या जागी १५ किलोच्या आसपास कोरडा, सच्छिद्र, बनवलेला दगड आणि थोडे सिरॅमिक तुकडे पुरतात. जिवाणू बाटलीतून घालता येतात, नाहीतर चांगल्या चालू टाकीतला मूठभर सिरॅमिक आणता येतो. "आपला जांभा काय वाईट? छिद्रंच छिद्रं असतात," हाही प्रश्न आला. जांभ्यात लोह भरपूर असतं, शिवाय त्यातून माती सुटत राहते. घराच्या भिंतीला तो उत्तम, टाकीत मी तो घालणार नाही.

दगड रचताना भिंत बांधू नका. मागे-खाली पाणी फिरायला वाट ठेवा, कारण पाणी पोचलं नाही तर जिवाणूंना कामच मिळत नाही. इथे प्रवाहाचा पंप, म्हणजे वेव्हमेकर लागतो. तो गाळणीच्या यादीत धरत नाहीत, पण त्याच्याशिवाय दगड नुसता दगडच राहतो. मऊ प्रवाळांच्या टाकीत ताशी २० ते ३० पट पाणी फिरावं. १५० लिटरला ३००० ते ४५०० लिटर झाले. एका मोठ्या पंपापेक्षा समोरासमोर दोन लहान चांगले, म्हणजे एक बंद पडला तरी पाणी साचून राहत नाही. संपातून वर चढवणारा पंप एवढा जोरदार नको, प्रत्यक्षात ताशी ८०० ते १००० लिटर वर पोचले तरी पुरे. उंची चढताना पंपाचा जोर कमी होतो, म्हणून खोक्यावरचा आकडा साधारण दुप्पट बघून घ्या.

मळी काढणारा: प्रोटीन स्किमर

साखरेचा पाक करताना आई त्यात थोडं दूध घालते. मळी फेसाबरोबर वर येते आणि ती पळीने काढून टाकते. प्रोटीन स्किमर हेच करतो. पावसाळ्यात किनाऱ्यावर जो मळकट पिवळा फेस जमतो, तोही याच जातीचा.

माशांची विष्ठा, अन्नाचा रस, शेवाळाचे स्राव यांतल्या पुष्कळ रेणूंचं एक टोक पाण्याकडे ओढ घेतं आणि दुसरं पाण्यापासून पळतं. हवेचा बुडबुडा दिसला की पळणारं टोक त्याला चिकटतं. स्किमरचा पंप पाण्यात हजारो बारीक बुडबुडे सोडतो, घाण चिकटलेले बुडबुडे वरच्या गळ्यात चढतात, फेस घट्ट होतो आणि कपात सांडतो. कपातलं काळपट, वासाचं पाणी पाहिलं की हे सगळं टाकीत कुजलं असतं, हे पटतं. गोड्या पाण्यात बुडबुडे मोठे होतात, एकमेकांत मिसळतात, म्हणून तिथे हे यंत्र नीट चालत नाही. खाऱ्या पाण्यात बुडबुडे बारीकच राहतात.

माझ्या तीन प्रश्नांपैकी पहिल्याचं उत्तर हे एकच यंत्र ठामपणे "हो" असं देतं, कारण घाण कुजायच्या आधीच ती पाण्याबाहेर जाते. वर हवा घुसळली जात असल्याने प्राणवायू वाढतो, हा आणखी एक फायदा. आधीच तयार झालेलं नायट्रेट मात्र ते काढत नाही.

निवडताना दोन गोष्टी बघायच्या. खोक्यावरचा मोठा आकडा थोडे मासे असलेल्या टाकीसाठी असतो, म्हणून आपल्या पाण्याच्या दीड ते दोन पट क्षमतेचा घ्यावा. १९० लिटरला ३०० ते ४०० लिटरचा. चिठ्ठीतला ३०० चा बसतो, तो ठेवला. फार मोठाही घेऊ नये, कारण घाण कमी पडली तर फेस गळ्यापर्यंत चढतच नाही. दुसरी गोष्ट म्हणजे संपातल्या पाण्याची पातळी. स्किमर ज्या कप्प्यात उभा असेल तिथे ती रोज सारखी हवी. ती खालीवर झाली की फेस एकतर थांबतो, नाहीतर उतू जातो. त्यासाठी संपात आडव्या काचा घालून कप्पे करतात आणि उडालेलं पाणी आपोआप भरणारं उपकरण लावतात. नवा स्किमर पहिले काही दिवस वेड्यासारखा वागतो, तेव्हा लगेच दुकानात परत न्यायची घाई नको.

मोजे, कॅनिस्टर आणि बाकीचं

डोळ्यांना दिसणारा कचरा अडवायला संपाच्या तोंडाशी कापडी पिशवी लावतात. तिला बोलीत "मोजा"च म्हणतात. तो बहुधा २०० मायक्रॉनचा असतो. मोजा कचरा अडवतो, नष्ट करत नाही. दोन-तीन दिवसांनी काढून धुतला नाही तर तोच कचरा तिथे कुजतो आणि वाहत्या पाण्याबरोबर टाकीत परत जातो. सहा-सात मोजे घ्यायचे आणि आळीपाळीने वापरायचे. ज्याला धुवायचा कंटाळा आहे त्याने मोजा न लावलेला बरा.

बाहेरच्या बंद कॅनिस्टरचं दुखणं तेच, पण झाकलेलं. तो उघडायला कटकट असते म्हणून लोक दोन-दोन महिने उघडत नाहीत. आत स्पंजात साठलेला चिखल नायट्रेट बनवत राहतो. वीज गेली की आणखी धोका आहे. बंद डब्यातले जिवाणू उरलेला प्राणवायू थोड्याच तासांत संपवतात आणि मरू लागतात. वीज आली की ते घाणेरडं पाणी थेट टाकीत. संप आहे तिथे कॅनिस्टर लागत नाही. चिठ्ठीतली ही सर्वांत महाग वस्तूंपैकी एक. ती खोडली आणि तेवढ्यात आरओ-डीआय आणि तपासणीच्या किट बसल्या.

यूव्ही दिवा त्याच्यासमोरून जाणारं तरंगतं शेवाळ आणि काही परजीवी मारतो, पण नायट्रेट-फॉस्फेटला हात लावत नाही. वाईट नाही, पण पहिल्या दिवशी लागत नाही. तो पुढे ढकलला.

ॲक्टिव्हेटेड कार्बन थोडा ठेवावा. पाण्याचा पिवळेपणा जातो आणि मऊ प्रवाळ एकमेकांशी भांडताना जी रसायनं सोडतात तीही तो शोषतो. नारळाच्या करवंटीपासून तो बनतो, पण चुलीतला कोळसा म्हणजे कार्बन नव्हे. महिन्याने बदलायचा. फॉस्फेट शोषणारी लोहाची दाणेदार माध्यमं मात्र मोजल्याशिवाय घालू नका. फॉस्फेट एकदम शून्यावर आणलं की प्रवाळाचीही उपासमार होते. नायट्रेट लिटरला २ ते १० मिलिग्रॅम आणि फॉस्फेट ०.०३ ते ०.१ मिलिग्रॅम, एवढं राहिलेलं चांगलं. शून्य नायट्रेट ही शाबासकीची गोष्ट नाही.

संपातला एक कप्पा रिफ्युजियम करता येतो. तिथे हिरव्या दोऱ्यांच्या गुंत्यासारखं कीटोमॉर्फा हे शैवाल ठेवायचं आणि वर साधा एलईडी. ते वाढताना नायट्रेट-फॉस्फेट खातं आणि मूठभर काढून फेकलं की तेवढी घाण टाकीबाहेर जाते. म्हणजे तेही घाण शेवटपर्यंत नेतं. त्याचा दिवा रात्री लावायचा. रात्री वरची टाकी कार्बन डायऑक्साइड सोडते आणि पीएच उतरतो, खालचं शैवाल तो वायू वापरून पीएच सावरतं. खर्च सगळ्यात कमी, म्हणून मामाच्या यादीत हे मी वाढवलं.

शेवटची भर बॅटरीवर चालणाऱ्या हवेच्या छोट्या पंपाची. वीज गेल्यावर सगळ्यात आधी संपतो तो प्राणवायू. इन्व्हर्टर असेल तर पूर्ण टाकी त्यावर टाकू नका, फक्त एक वेव्हमेकर जोडा. तो फार थोडी वीज खातो आणि रात्र काढून देतो.

"कोरल, ४ नग"

चिठ्ठीची ही ओळ मामाला सगळ्यात आवडली होती, म्हणून ती खोडताना मला सगळ्यात जास्त बोलावं लागलं. आपल्या देशात दगडी सांगाडा बांधणारे सर्व प्रवाळ २००१ पासून वन्यजीव (संरक्षण) अधिनियम, १९७२ खाली पहिल्या अनुसूचीत घातले गेले, म्हणजे कायद्याने वाघाला जे संरक्षण दिलं तेच. त्यांची विक्री, खरेदी, बाळगणं हा गुन्हा आहे, आणि शोभेचा पांढरा मेलेला तुकडाही त्यातून सुटत नाही. त्याच वेळी समुद्री घोडेही संरक्षित झाले. दुकानात उघड विकतात म्हणून ते कायदेशीर ठरत नाही.

कायदा बाजूला ठेवला तरी विचार करा. प्रवाळ लांब कुठेतरी ऑस्ट्रेलियात असतात असं नाही. ते आपल्याकडे ग्रांड बेटाभोवती आहेत, मालवणला आहेत. १९९८ आणि २०१६ साली समुद्र तापला तेव्हा लक्षद्वीपचे प्रवाळ मोठ्या प्रमाणावर पांढरे पडून मेले. जे उरले आहेत त्यातले फोडून हॉलमध्ये ठेवणं मला जमणार नाही, आणि मी मामाला तसं स्पष्ट सांगितलं. तो दोन दिवस बोलला नाही. मग स्वतःच फोन करून विचारलं, "बरं, काय ठेवता येतं?"

कायद्याच्या यादीत नसलेले, टाकीतच तुकडे करून वाढवलेले मऊ प्रवाळ ठेवता येतात. पावती घ्यायची आणि ते मुळात कुठून आले ते विचारायचं. विक्रेत्याला ते सांगता येत नसेल तर परत फिरायचं. मासे घ्यायचे तर पैदास केलेले क्लाउनफिश. कोचीच्या केंद्रीय सागरी मत्स्य संशोधन संस्थेने त्यांच्या पैदाशीचं तंत्र केव्हाच बसवलं आहे, त्यामुळे समुद्रातून पकडलेला मासा घ्यायचं कारण उरत नाही. पैदाशीचा मासा टाकीला सरावलेला असतो आणि जास्त टिकतो.

कुठल्या क्रमाने

पैसे बेताचे असतील तर खर्चाचा क्रम असा ठेवावा: आरओ-डीआय आणि टीडीएस मीटर, खारेपणा मोजायचा रिफ्रॅक्टोमीटर, दगड, वेव्हमेकर, संप आणि पंप, स्किमर, अमोनिया-नायट्राइट-नायट्रेट-फॉस्फेटच्या किट, पाणी भरणारं उपकरण, रिफ्युजियमचा दिवा, बॅटरीचा पंप. उरले तर यूव्ही.

सगळं जोडून झालं की टाकी माशांशिवाय चालवायची. जिवाणूंना खाऊ म्हणून लिटरला २ मिलिग्रॅम होईल इतका अमोनिया घालतात. प्रयोगशाळेतलं शुद्ध अमोनियम क्लोराइड मिळालं तर उत्तम, किराणा दुकानातला नवसागर त्याच जातीचा असला तरी शुद्ध नसतो. नाहीतर माशांच्या अन्नाची चिमूट. एक दिवसाआड मोजत राहायचं. आधी अमोनिया चढून उतरतो, मग नायट्राइट चढून उतरतं, मग नायट्रेट दिसू लागतं. घातलेला अमोनिया २४ तासांत अमोनिया आणि नायट्राइट दोन्ही शून्य करून संपला, की जिवाणू तयार झाले. याला बहुधा चार ते सहा आठवडे लागतात. मग एक मासा, दोन आठवड्यांनी दुसरा. मऊ प्रवाळ आणखी महिन्या-दोन महिन्यांनी. दर आठवड्याला १९ लिटर पाणी बदलायचं, त्याला पाऊण किलोच्या आत मीठ लागतं.

हे चार-सहा आठवडे लोकांना जड जातात. घरात येणारा जाणारा विचारतो, "रिकामी टाकी कशाला चालवता?" ती रिकामी नसते. दगडाच्या प्रत्येक छिद्रात कोट्यवधी जीव घर करत असतात आणि पुढे येणाऱ्या माशाचं आयुष्य त्यांच्यावर अवलंबून असतं. टाकीशेजारी एक वही ठेवा आणि रोजचे आकडे तारखेसह लिहा. पहिला मासा कधी आणायचा, ते दुकानदाराला विचारू नका, पाहुण्यांनाही नको. वहीतले आकडे सांगतील.